बरणीतलं कुलूप

दर वर्षी श्रावण-गणपती आटोपून मटणाच्या दुकानावर पुन्हा गर्दी व्हायला लागली, की चुरी बाई मला तलासरीच्या बाजारात पिटाळायच्या. आणायचं काय, तर बकऱ्याचे दोन गुर्दे. दोन्ही एकाच बकऱ्याचे, वरची चरबी न काढलेले, आणि आतून निघणारी नळी शाबूत. नळी तुटलेली असली तर बाई मला तसंच परत पाठवत. दुकानदार पहिल्या वर्षी म्हणाला, नळी कोण खातं? मी म्हटलं, खायची नाही, शिकवायची आहे. त्यानं माझ्याकडं असं बघितलं, की पुढची काही वर्षं मी त्याच्याशी कामापुरतंच बोललो.

मी काशिनाथ. सरकारी कागदावर प्रयोगशाळा परिचर, शाळेत मात्र जे काम दुसरं कोणी करत नाही ते करणारा माणूस. तलासरीहून हायवे सोडून आत वळलं, की टेकडीच्या पायथ्याला आमची आश्रमशाळा. मुलं-मुली आसपासच्या पाड्यांवरची, बहुतेक वसतिगृहात राहणारी. वर्गात बसलं की अच्छाडच्या नाक्याकडं जाणाऱ्या ट्रकांची घरघर सतत कानावर असते. तिच्यावर मात करून शिकवायचं तर गळा हवा, आणि तो चुरी बाईंना होता.

बाई घोलवडच्या. घरची चिकूची वाडी, दारात गाडी, तरी रोज दोन एसट्या बदलून शाळेत यायच्या. उंची पाच फुटांच्या आत, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत डबा आणि हंगामात चार-पाच पिकलेले चिकू. शिकवणं आणि रागावणं ही दोन कामं त्यांनी कधी वेगळी केली नाहीत. पण त्यांचा राग कुठं पडेल याचा नेम नसायचा. उशिरा आलेल्या पोराला त्या एका शब्दानं बोलायच्या नाहीत. दोन ओहोळ ओलांडून आलेल्या त्या पोराला घड्याळ दाखवणाऱ्या मास्तरांना मात्र भर वऱ्हांड्यात सुनवायच्या. धडाधड पाठ म्हणणाऱ्या हुशार मुलाला मधेच तोडून विचारायच्या, पुस्तकाचं बोलून झालं असेल तर आता तू कधी बोलणार? त्यांचा राग मला आवडायचा. आमच्याकडं बाकी सगळे जण समजूतदार होते, आणि समजूतदार माणसांच्या हातून काय काय होतं ते मी याच शाळेत पाहिलं.

राग आला की बाईंची उभं राहायची एक पद्धत होती. दोन्ही हातांच्या मुठी वळायच्या आणि पाठीमागं, कमरेच्या जरा वर, कण्याच्या दोन बाजूंना टेकवायच्या. नवीन माणसाला वाटायचं, बाईंची पाठ धरली आहे. मुलांना माहीत असायचं. मूत्रपिंडाच्या तासाला त्या सगळ्या वर्गाला तसं उभं करायच्या. साठ पोरं पाठीला मुठी लावून उभी, आणि बाई रांगेतून फिरत एकेकाची मूठ नीट बसवताहेत. उजवी जरा खाली घे, वरची जागा यकृतानं अडवली आहे. पुढं नको, पोटात नाहीत ती, पार मागं आहेत. बरगडीच्या आडोशाला.

मग ते दोन गुर्दे ट्रेमध्ये यायचे. पुस्तकात वृक्क लिहिलेलं होतं, बाई मूत्रपिंड म्हणायच्या, पोरं गुर्दा म्हणायची, आणि बाईंना तिन्ही चालायची. त्या चरबी सोलायच्या, नळी सगळ्यांना दाखवायच्या आणि सुरी लावून गुर्दा उभा चिरायच्या. बाहेरची गडद कड, आतली रेघारेघांची त्रिकोणी बोंडं, मधली पांढरट पोकळी, आणि पोकळीतून खाली उतरणारी ती नळी. रक्त इथून शिरतं, म्हणायच्या, आणि केसाहून बारीक नळ्यांच्या गुंत्यात जातं. असे गुंते एकेका मूत्रपिंडात दहा लाखांच्या घरात. तिथं आधी सगळंच बाहेर काढलं जातं, पाणी, साखर, मीठ, घाण, सगळं. फक्त रक्ताच्या पेशी आणि प्रथिनं आत राहतात. आणि मग त्या बाहेर काढलेल्यातून हवं तेवढं उचलून परत रक्तात घेतात. दिवाळीला घर सारवताना आपण सगळं सामान अंगणात काढतो आणि लागेल तेवढंच परत आत नेतो, तसं. तुमची आई हे वर्षातून एकदा करते. ही दोघं रोज करतात, कित्येकदा.

त्या मूत्रपिंडांना 'ती दोघं' म्हणायच्या, जोडीनं कामावर जाणाऱ्या नवरा-बायकोबद्दल बोलावं तसं. ती दोघं रक्तातलं पाणी बघतात, मीठ बघतात, रक्ताचा दाब बघतात, रक्त कमी पडलं तर हाडांना निरोप धाडतात की तांबड्या पेशी बनवा.

पण वर्ग गप्प व्हायचा तो बादल्यांनी. आदल्या दिवशी माझ्या मागं लागून बाई बारा बादल्या गोळा करायच्या आणि तासाच्या आधी पोरं हातपंपावरून त्या भरून आणायची. वऱ्हांड्यात बारा भरलेल्या बादल्या ओळीनं. प्रत्येकीत पंधरा लिटर. बाई म्हणायच्या, हे एवढं पाणी ती दोघं एका दिवसात गाळतात, एकशेऐंशी लिटर. मग त्या दीड लिटरची एक बाटली घेऊन शेवटच्या बादलीतून भरायच्या, वर धरायच्या आणि विचारायच्या, आणि टाकतात किती? एवढं. बाकी सगळं परत. आमच्या पोरांना पाणी वाहून आणणं म्हणजे काय हे चांगलं ठाऊक असतं. बारा बादल्यांपुढं ती बाटली बघून पोरं खरंच एकमेकांच्या पाठीकडं बघायची.

तासाच्या शेवटी बाई दर वर्षी तेच सांगायच्या. "ती दोघं तक्रार करत नाहीत. दुखत नाहीत, खुपत नाहीत, निम्म्याहून जास्त बिघडली तरी बोलत नाहीत. म्हणून त्यांना कोणी विचारत नाही. मुलींनो, तुम्ही तशा होऊ नका." मुली हसायच्या. मीही हसायचो, बादल्या रिकाम्या करत.

आता कुलपाकडं यायला हवं, आणि तिथं मी येतो.

शाळेत मुलींसाठी नवीन स्वच्छतागृह बांधलं गेलं. पांढऱ्या फरशा, दहा दारं, वर पाण्याची टाकी. उद्घाटनाला संस्थेचे अध्यक्ष आले, फीत कापली, फोटो निघाले. महिनाभरात मोटर जळली. मग पाणी नाही, मग घाण, आणि तेवढ्यात तपासणी येणार अशी बातमी. मुख्याध्यापकांनी मला बोलावून पितळेचं नवंकोरं कुलूप हातात दिलं. सकाळी शाळेआधी अर्धा तास, मोठ्या सुट्टीत आणि शाळा सुटल्यावर, एवढंच उघडायचं. एरवी बंद. फरशा चांगल्या राहिल्या पाहिजेत. वरून आदेश आहे. तपासणी झाली, मोटर दुरुस्त झाली, पाणी आलं. कुलूप तसंच राहिलं. चावी माझ्या करदोऱ्याला. दोन वर्षं.

दोन वर्षं मी ते कुलूप उघडलं आणि लावलं. मला सांगितलं म्हणून, असं मी म्हणू शकतो, आणि म्हणतही होतो. मोठ्या सुट्टीत दीडशे मुली आणि दहा दारं. ज्यांचा नंबर लागायचा नाही त्यांच्या तोंडावर मी घंटा झाली म्हणून दार ओढायचो. त्या निमूट वर्गात जायच्या.

याचा मुलींवर काय परिणाम होतोय, हे बाईंना कुणी सांगितलं नाही. त्यांना ते माठावरून कळलं. एके दिवशी शाळा सुटताना त्या मुलींच्या बाजूच्या माठात डोकावल्या आणि मला विचारलं, हा संध्याकाळी भरलेला कसा? मुलांचा माठ दोनदा भरावा लागतो, हा सकाळचा तसाच? मी म्हटलं, पोरींना तहान कमी लागत असेल. बाईंनी मुठी पाठीला लावल्या. त्यांनी दोन मुलींना बाजूला घेऊन विचारलं, आणि मुलींनी सांगितलं की पाणी प्यायलं तर जावं लागतं, म्हणून आम्ही पीत नाही. सकाळी एकदा, मग एकदम रात्री.

बाई तशाच माझ्याकडं आल्या. "काशिनाथ, चावी दे."

मी म्हटलं, बाई, सरांना विचारावं लागेल.

त्यांनी हात पुढं केलेला तसाच ठेवला. मी चावी दिली नाही. नोकरी, घरची तीन पोरं, सगळं माझ्या डोक्यात आलं, पण खरं सांगायचं तर तेवढा विचार करण्याइतका वेळही मी घेतला नव्हता. तोंडातून सरळ नकारच निघाला. बाई मुख्याध्यापकांकडं गेल्या. मी दाराबाहेर होतो. सर हसत म्हणाले, बाई, तुमचा विषय जीवशास्त्र आहे, बांधकाम नाही. बाईंनी अर्ज दिला. उत्तर आलं नाही. दुसरा दिला. तिसरा अध्यक्षांना दिला. मग त्या शिक्षकांच्या स्वच्छतागृहात मुलींना पाठवायला लागल्या, तर आठवड्यात त्यालाही कुलूप लागलं. ते मात्र मला लावायला सांगितलं नव्हतं, सरांनी स्वतः लावलं.

आणि त्याच बाईंनी, ज्यांना माठावरून कळलं, दुसरीकडं वजनाचा फळा चालवला होता. हे सांगताना मला बरं वाटत नाही, पण सांगायलाच हवं.

आमच्या भागात पोरांचं वजन हा मोठा विषय. सुट्टीला घरी गेलेली मुलं होळीनंतर परततात तेव्हा हाडांवर कातडी उरलेली असते. कागदावर कुपोषणाची नावं वेगवेगळी आहेत, अंगावर एकच दिसतं. बाईंनी म्हणून महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सगळ्यांचं वजन करायची पद्धत पाडली. काटा मी ठेवायचो, आकडा बाई फळ्यावर लिहायच्या. ज्याचं वजन महिन्यात सगळ्यांत जास्त वाढलं त्याला प्रार्थनेला पुढं बोलवायचं, सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या आणि बाईंच्या हातून एक नारळ. पोरं त्या नारळासाठी भाताचं ताट चाटून पुसून खायची. वाईट काही नव्हतं त्यात. कुठल्याही दुसऱ्या गावातल्या शाळेत वजन वाढलं म्हणून कोणी टाळ्या वाजवणार नाही. आमच्याकडं वाजवतात.

मनीषा धोडी तेव्हा नववीत होती. उपलाट बाजूच्या पाड्यावरची. आई चिकूच्या हंगामात घोलवडच्या वाड्यांमध्ये तोडणीला जायची, बाप मिळेल ते काम. मनीषा कमी बोलायची, पण फळ्यावर आकृती काढायला लागली की बाई खडू तिच्याच हातात द्यायच्या आणि स्वतः बाजूला उभ्या राहायच्या. एका पावसाळ्यात वसतिगृहात खरजेची साथ आली. बऱ्याच पोरींच्या अंगावर फोड उठले, तिच्याही. मलम आलं, फोड सुकले. गणपतीनंतरच्या वजनाला मनीषा काट्यावर उभी राहिली आणि काटा चार किलोनं पुढं गेला. एका महिन्यात चार किलो. फळ्यावर एवढा आकडा कधी लागला नव्हता.

बाईंनी तिला पुढं बोलावलं. गाल भरले होते, डोळे बारीक दिसत होते, आमच्याकडं त्याला अंग धरलं म्हणतात. बाईंनी तिचा गाल चिमटीत धरला आणि म्हणाल्या, बघा, सगळ्यांनी असं जेवायचं. सगळी शाळा टाळ्या वाजवत होती. मीही. मनीषा नारळ पोटाशी धरून खाली बघत होती.

त्यानंतर तीन आठवड्यांनी गुर्द्याचा तास आला. ट्रे धरायला मनीषा होती, तो मान तिचाच. तास संपला, मुलं गेली. ती खाली बसून ट्रेखालचं सांडलेलं पाणी पुसत होती. तिचा पायमोजा खाली सरकला होता आणि त्याच्या रबरानं पोटरीवर खोल चर पडला होता. बाई सुरी धूत होत्या. त्यांनी सुरी ठेवली, मनीषासमोर बसल्या आणि तिच्या नडगीवर अंगठा दाबला. उचलला. खड्डा तसाच राहिला. बाई त्या खड्ड्याकडं बघत राहिल्या. मी मनात मोजत होतो, का ते माहीत नाही. विसापर्यंत गेलो तरी तो भरला नव्हता.

मग त्या मला म्हणाल्या, "कुलूप उघड."

सुट्टीची वेळ नव्हती. मी गेलो आणि उघडलं. बाईंनी मनीषाच्या हातात काचेचा पेला दिला. तिनं आणून दिलेल्या लघवीवर फेस होता, बसता बसत नव्हता. बाईंनी परीक्षानळी अर्धी भरली, मी स्पिरिटचा दिवा पेटवला. नळी तिरकी धरून त्या वरचा भाग तापवायला लागल्या. हा प्रयोग आमच्या अभ्यासक्रमात नाही, पण बाईंना येत होता. थोड्या वेळानं नळीतलं वरचं पाणी गढूळ झालं, मग पांढरं, आणि अंड्याचा पांढरा भाग शिजतो तसं घट्ट. बाईंनी व्हिनेगरचे थेंब टाकले. पांढरं विरघळलं नाही. रक्तातली प्रथिनं, जी आत राहायला हवीत, ती बाहेर येत होती. तेच, जे बाईंनी तासाभरापूर्वी फळ्यासमोर सांगितलं होतं.

मनीषानं नळी बघितली आणि बाईंना विचारलं, "बाई, हे माझं आहे?"

बाईंनी हो म्हटलं. मग मला, अगदी हळू आवाजात, जो मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता, म्हणाल्या, "काशिनाथ, ते वजन नव्हतं रे. पाणी होतं."

शाळेची जीप अध्यक्षांकडं गेली होती. बाई मनीषाला घेऊन हायवेवर उभ्या राहिल्या आणि चिकूच्या खोक्यांचा टेंपो थांबवला. पहिला दवाखाना, तिथून दुसरा, तिथून मोठा. सोनोग्राफीत दोन्ही मूत्रपिंडं लहान झालेली दिसली. म्हणजे हे महिन्या-दोन महिन्यांचं दुखणं नव्हतं, डॉक्टरांनी सांगितलं, कित्येक दिवस आतून चाललं होतं. कशानं झालं? लहानपणापासूनची वारंवारची लागण असू शकते. लघवी तुंबवून ठेवायची सवय असू शकते. कमी पाणी, फोडांचा संसर्ग, यांनी भर पडली असेल. एकाच कारणावर बोट ठेवता येणार नाही. डॉक्टर प्रामाणिक होते, त्यांना दोष नाही. पण ते वाक्य आमच्या मुख्याध्यापकांना इतकं आवडलं, की त्यांनी अहवालात ते जसंच्या तसं उतरवलं आणि खाली लिहिलं, विद्यार्थिनीस पूर्वीपासून आजार होता. अध्यक्षांनी सही केली. सगळे मोकळे झाले.

मनीषाची आई दवाखान्यात आली तेव्हा बाईंसोबत मी होतो. बाईंनी तिला सगळं समजावलं, सूज म्हणजे काय, पाणी का साठतं, डायलिसिसचं मशीन कशाला. आईनं सगळं ऐकून घेतलं. ती चिडली नाही, रडली नाही. फक्त म्हणाली, "बाय, तुमीच तं टाळ्या वाजवल्या ना. पोर भरली म्हणलं. तो नारळ आमी देवाला फोडला."

मी त्यांच्या मुठी बघत होतो. त्या त्यांनी पाठीला लावल्या नव्हत्या, साडीच्या पदरात लपवल्या होत्या. त्या दिवसापासून बाईंनी नारळाला हात लावलेला मी पाहिला नाही. वजन करायचं थांबवलं नाही त्यांनी, पण टाळ्या आणि नारळ बंद. आता त्या वजनाच्या दिवशी प्रत्येक मुलाच्या नडगीवर अंगठा दाबायच्या. एकूण एक मुलाच्या. सकाळी सुरू करायच्या आणि दुपार व्हायची.

मनीषाला आठवड्यातून दोनदा मशीनवर न्यायचे. दोन तास जायला, चार तास मशीन, दोन तास यायला. दर शनिवारी शाळा सुटली की बाई तिथं. एकदा मीही गेलो होतो. मनीषा शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला समजावून सांगत होती, रक्त या नळीनं जातं, त्या डब्यात गाळलं जातं, या नळीनं परत. अगदी बाईंच्या आवाजात. मग बाईंकडं वळून म्हणाली, "मशीनला किती वेळ लागतो, नाय? आपली दोघं तं न सांगताच करत व्हती."

शाळेत कुलूप अजून होतंच. मनीषा आजारी पडल्यावर सरांनी वेळ वाढवली, मोठ्या सुट्टीआधी एक छोटी सुट्टी. त्यांना वाटलं, आपलं काम झालं. मी चावी परत द्यायला गेलो, तर म्हणाले, काशिनाथ, आता तूपण बाईंसारखा वागणार का? मी चावी परत घेतली. हो, घेतली.

मनीषा जवळपास वर्षभर मशीनवर होती. पुढच्या पावसाळ्याच्या शेवटी गेली. पाड्यावर आम्ही दोघं जाऊन आलो. दुसऱ्या दिवशी बाई शाळेत आल्या, त्या सरळ स्वच्छतागृहापाशी. मी चावी हातात घेऊन धावत गेलो, त्यांनी माझ्याकडं बघितलंच नाही. गटाराच्या कडेचा दगड उचलला आणि कुलपावर घातला. पाच फुटांच्या आतली बाई. सहा-सात घावांत कडी निसटली. वर्गावर्गातून पोरं खिडक्यांना चिकटली होती, मुख्याध्यापक वऱ्हांड्यात उभे होते, आणि कोणीही पुढं आलं नाही.

बाईंनी ते चेपलेलं कुलूप उचललं, प्रयोगशाळेत आणलं, एका रिकाम्या बरणीत टाकलं, झाकण लावलं आणि कागदाच्या चिठ्ठीवर आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं: कुलूप. मुलींचे स्वच्छतागृह. ती बरणी त्यांनी फॉर्मलिनमधल्या बेडकाच्या आणि बकऱ्याच्या चिरलेल्या गुर्द्याच्या मधे ठेवली. सर आले आणि म्हणाले, हे काय, बाई? बाई म्हणाल्या, "नमुना आहे. शिकवताना दाखवायला लागतो." सर बरणीला हात न लावता गेले. शाळेची मालमत्ता फोडली म्हणून त्यांनी बाईंना नोटीस देणार असं सांगितलं होतं. ती कधी आली नाही. आली असती तर तिच्यात लिहायचं काय, हा त्यांचा प्रश्न होता.

तपासणीला येणारे साहेब अजून विचारतात, हे कुलूप कसलं? पूर्वी मी गप्प राहायचो. आता सांगतो, सगळं. चावी कोणाकडं होती तेही सांगतो.

बाई निवृत्त झाल्या तो दिवस. हॉलमध्ये खुर्च्या, स्टेजवर अध्यक्ष, मुख्याध्यापक, मधे बाई. जमिनीवर सगळी शाळा बसलेली. माझी जागा दारापाशी, नेहमीची. अध्यक्ष बोलायला उभे राहिले. बाईंच्या शिस्तीबद्दल बोलले, सेवेबद्दल, मुलींच्या शिक्षणाबद्दल. पुढच्या रांगेतली एक सातवीतली मुलगी उठली आणि चालत दाराकडं आली. तिनं कोणाला काही विचारलं नाही. बाईंच्या तासाला तोच नियम होता, परवानगी मागायची नाही, उठायचं आणि जायचं. ती गेली. तिच्यामागून आणखी एक. मग दोघी. अध्यक्षांच्या बोलण्यात खंड पडायला लागला. मुख्याध्यापकांनी स्टेजवरून मला डोळ्यांनी खुणावलं, दार लाव.

मी दाराची दुसरी फळीही उघडली आणि तिला वीट लावली.

अध्यक्षांनी आवरतं घेतलं. शाल घातली गेली, बाईंनी घालू दिली. नारळ पुढं केला, तो त्यांनी घेतला नाही. अध्यक्षांनी थोडा वेळ धरून शेवटी तो टेबलावर ठेवला. मग बाईंना चार शब्द बोलायला सांगितलं. त्या माइकपाशी आल्या. तोवर जमिनीवर जागोजाग वीस-पंचवीस मोकळ्या जागा झाल्या होत्या. बाई म्हणाल्या, "मुली येईपर्यंत थांबू."

त्यांनी मुठी वळल्या आणि पाठीला लावल्या. आणि आम्ही थांबलो. अध्यक्ष, मुख्याध्यापक, सगळा स्टाफ. हायवेचा आवाज येत होता. मुली निवांत, ओले हात झटकत, एकेक करून परत आल्या आणि आपापल्या जागी बसल्या. सगळ्या जागा भरल्या. शेवटची मुलगी बसली तेव्हा सरांनी बाईंना हातानं खूण केली, आता बोला.

बाईंच्या मोजणीत एक मुलगी अजून यायची होती. त्या अजून दाराकडंच बघत होत्या.